डावी बाजू

या, जवळ सरका, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. एका कावळ्याची गोष्ट सांगतो, आणि कणकेच्या एका गोळ्याची.

गोळा सुपारीएवढा. परातीच्या कडेला, जास्तीचं पाणी लावून सैल मळलेला, पोळीला चालणार नाही असा. पुष्पावती त्याच्याकडे बघत राहिली... हा कधी काढून ठेवला आपण? आपण नाही, हातानंच काढला. तीस वर्षं रोज संध्याकाळी हा हात एवढी कणीक बाजूला काढायचा आणि देवळात हरिपाठाला निघालेल्या नवऱ्याच्या, वैजनाथांच्या, डबीत घालायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ती थापल्याशिवाय तो खोल, पोटातला आवाज निघत नाही. वैजनाथांना जाऊन आज चौदा दिवस झाले. हाताला अजून कोणी सांगितलं नसावं.

बाहेर छगनच्या टपरीवर पाव्हणा ओरडला. पाव्हणा म्हणजे कावळा. सहा वर्षांपूर्वी वादळात शेवगावच्या या गल्लीत लिंबावरून पिल्लू पडलं, एक पाय वाकडा तो वाकडाच राहिला. कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात. हा स्वतःच येऊन राहिला, म्हणून पाव्हणा. सकाळी छगनकडे खारी, दुपारी शाळेतल्या पोरींच्या डब्यातलं काहीबाही, आणि दिवस मावळताना देवळाचा पत्रा. हरिपाठ संपला की वैजनाथ डावीवरची कणीक खरवडून तळहातावर धरायचे, आणि हा तिथून उचलायचा.

"वहिनी, ह्येला खारी च्यात बुडवूनच लागती!" छगन रस्त्यापलीकडून ओरडला. "जावई परवडला!"

ती हसली. चौदा दिवसांत पहिल्यांदा – आणि लगेच ओशाळली.

कारण त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी ती हसली नव्हती. नगरला तिचे डोळे दाखवायचं तिसऱ्यांदा राहिलं होतं, कुठल्याशा गावच्या सप्त्यात म्हणे यांच्यावाचून अडलं होतं. डबी पुढं आली तेव्हा ती म्हणाली, "आज कणीक न्हाई. मळा तुमची तुमी." ते नुसते हसले, रिकामी डबी खिशात टाकून गेले. परत आले ते म्हणाले, "पुष्पे, आज डावी बोललीच न्हाई गं." तिनं ताट वाढलं, पाठ फिरवली. एवढंच तर केलं मी... सकाळी ते उठले नाहीत.

दहाव्याला जाताना तिनं एक वाक्य मनात बांधून नेलं होतं. कावळा लवकर शिवणार नाही, हे ती धरूनच चालली होती. मग माणसं एकेक पुढं होतील, तुमचं हे करू, ते करू म्हणतील, तेव्हा आपण सगळ्यांदेखत जायचं आणि म्हणायचं, कणीक देईन, रोज देईन. गेलेल्या माणसाला कसली कणीक... तिलाही कळत होतं. पण म्हणायचं होतं.

पिंडाची कणीक तिनंच घरून मळून नेली होती. गुरुजी म्हणाले, "मावशी, सैल झाली की! पिंड बसंना." तेव्हाही तिच्या ध्यानात आलं नाही. पिंड ठेवला, माणसं मागं सरतायत न सरतायत तोच गल्लीमागोमाग नदीपर्यंत आलेला तो लंगडा पंखांचा फडफडाट करत उतरला.

"शिवला, शिवला!" दीर काकासाहेब डोळे पुसत आले. "वहिनी, दादा सुटला. मागं कायबी इच्छा ठिवली न्हाई."

वाक्य तोंडातच राहिलं. सगळे चहाकडे वळले आणि तिला आपल्या बोटांवरची कणीक दिसली – सैल, पखवाजाची. मग शिवला तो कोणाला? यांनी राग सोडला म्हणून शिवला, की रोजचा घास ओळखून? कोणाला विचारायचं? ज्याला ठाऊक तो तर टपरीवर खारी खातोय.

तिनं खुंटीवरचा पखवाज उतरवला. गवसणी काढली. गोळा डाव्या तोंडावर ठेवून बोटांनी पसरला, त्यांना पाहिलं होतं तसा, मधून कडेकडे. आणि तळहात मारला.

धुम्म.

पाव्हणा भिंतीवर येऊन बसला. कणीक समोर होती, तिचा हात दूर होता. तरी उतरला नाही. मान वाकडी करून बघत राहिला. हरिपाठ संपल्याशिवाय कणीक मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"देते," ती म्हणाली. "आज देते हां." कोणाला म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला ठेका येत नव्हता. तरी ती वाजवत राहिली, चुकत, थांबत... आणि संपवावंसं वाटेना.

तर बाबांनो, आता टाळ उचला. पण डावी घुमली की वैजनाथांचं नाव घ्या, आणि आत कणीक मळणाऱ्या त्या बाईचीही तेवढी आठवण ठेवा.