पडल्यावर काय करायचं

भरमूअण्णानं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या तळव्याला तंबाखूचा वास होता.

"गप. काहिलीत माणसं बसल्यात. हितं बुडायचं नाव काढायचं न्हाय."

काहिलीत सहा माणसं होती आणि मी कुणाच्या तरी लग्नात रडायला बसलो असल्यासारखी सहाही जणं माझ्याकडं बघत होती. मी एवढंच म्हणालो होतो, की कुणी पाण्यात पडलंच तर. त्या 'तर'च्या पुढं मला कुणी जाऊच दिलं नाही.

ही १९८३ च्या जुलैतली गोष्ट. आमचा घाट निपाणीच्या पूर्वेला, दूधगंगेवर. पुलाचं घोंगडं तेव्हा भिजतच पडलं होतं. नदी भरली की गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यात बसून पलीकडं जायचं. भरमूअण्णा बावीस वर्षं ती काहील हाकत होता. मी सत्याप्पा कांबळे, मॅट्रिक पास, घाटावरचा नवा सरकारी मदतनीस. कामावर रुजू झालो आणि लगेच मला तीन दिवसांच्या शिक्षणाला बेळगावला पाठवलं.

तिथं काकतीजवळ मार्कंडेय नदीवर मारुतीराव नावाच्या एका निवृत्त सुभेदारांनी आम्हा बारा जणांना रबरी बोटीत घातलं. जिथं पाणी दगडांवरून पांढरं होऊन पळत होतं, तिथं नेऊन एकेकाला खाली ढकललं. मी दोनदा उभा राहायला गेलो आणि दोन्ही वेळा पाठीत रट्टा खाल्ला.

"उभा राहू नकोस, गाढवा! पळत्या पाण्यात उभा राहिलास की पाय दगडात अडकतो आणि मागून येणारं पाणी तुला खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यात माणूस मरतो तो असा. उताणा पड. पाय पुढं, बोटं पाण्याच्या वर. पाणी संथ होईपर्यंत उठायचं नाही."

शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "हे बोटीत बसायच्या आधी सांगायचं. पडलेल्या माणसाला ऐकू येत नसतं."

ते सांगणं डोक्यात घेऊन मी घाटावर आलो. पण आमच्या घाटाचा रिवाज असा, की सकाळी पहिला नारळ नदीला दिला की दिवसभर घाटावर बुडणं, पडणं, वाहून जाणं हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. काहिलीत नाही म्हणून मी काठावर बोलून पाहिलं. दोघी बायका तशाच माघारी फिरल्या आणि एका म्हातारीनं भरमूअण्णाला नवा नारळ फोडायला लावला. पाण्यावर तरंगायची बुचाची चार जाकिटं सरकारकडून मिळाली होती, ती घ्या म्हणून पुढं केली, तर कुणाला गरम व्हायचं, कुणाला वास यायचा. जाकीट माझ्या हातातून घ्यायचं होतं, हेही काहींना जड जात असावं. तसं कुणी बोललं मात्र नाही.

माझा गोंधळ उडाला तो इथं. मी बौद्ध. शकुन-अपशकुन आमच्या घरातून माझ्या वडलांनी देव्हाऱ्याबरोबरच बाहेर काढले होते. मला त्या नारळाचं काही नव्हतं. पण बौद्धवाड्यातला पोरगा आला आणि घाटाला अपशकुन झाला, असं कुणी म्हटलं तर? मी भीत होतो तो नदीला की माणसांना, हे मला तेव्हा कळत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नीट कळलेलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चंपाबाई आल्या. गावातल्या धनपालअण्णांच्या पत्नी. जैनांच्या गल्लीत त्यांचं घर, आणि पलीकडच्या गावात लेक दिलेली. ती बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या काहिलीत बसल्या. जाकीट दिलं तर हसून म्हणाल्या, "ह्ये घालून गेलो तर लेक वळखायची न्हाय मला."

मीही हसलो. मग त्यांनीच विचारलं.

"बेळगावास्नं काय शिकून आलायस म्हणं तू? सांग की आमास्नीबी."

विचारणारं ते घाटावरचं पहिलं माणूस. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. भरमूअण्णानं काठी रोवता रोवता माझ्याकडं बघितलं.

"येताना सांगतो, काकी," मी म्हणालो.

"बरं, येताना सांग."

निम्म्यात गेल्यावर वरून एक बाभळ वाहत आली. तिचा धक्का बसला, भरमूअण्णाच्या हातातली काठी गेली आणि काहील भोवऱ्यागत फिरत खालच्या बंधाऱ्याकडं निघाली. पावसाळ्यात बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या असतात, खांबांमधून पाणी मोकळं धावतं. दोन खांबांच्या मधून आम्ही खाली आलो ते तिरपे होऊनच. मी काहिलीचा काठ धरून बसलो होतो. डोळे उघडले तेव्हा काहिलीत चंपाबाई नव्हत्या.

काहील पुढं जाऊन काठाला लागली. आमच्या वरच्या बाजूला पन्नास हातांवर त्या दिसल्या. पाण्यानं त्यांना कडेला आणलं होतं. दगडांचा उथळ पट्टा तो, पाणी पांढरं आणि जोराचं, पण कमरेच्या वर नव्हतं. काठावर शेतातली माणसं पळत आली होती. ती सगळी एका आवाजात ओरडत होती.

"उभं ऱ्हावा, आक्का! पाय लागतोय! उभं ऱ्हावा!"

"उभं ऱ्हाऊ नगा!" मी ओरडलो. "काकी, आडवं व्हा! उताणं पडा!"

एका बाईनं वळून माझ्याकडं बघितलं. बुडणाऱ्या माणसाला आडवं व्हायला सांगणारा हा कोण, असं तिच्या तोंडावर होतं. चंपाबाई उभ्या राहिल्या. हसल्यासुद्धा, मला तसं वाटलं. एक पाऊल टाकलं आणि त्या पुढच्या पुढं वाकल्या. पाणी पाठीवरून गेलं. आम्ही दोर बांधून पोचलो तोवर वेळ गेली होती. पाय दोन दगडांत घोट्यापर्यंत बसला होता.

त्यानंतर मला कुणीच काही म्हणालं नाही, आणि मला तेच सोसेना. गाव म्हणालं, नदीनं नेलं. भरमूअण्णा म्हणाला, बाभळीनं घात केला. मी मात्र दोन शब्दांपाशी अडकलो होतो, "येताना सांगतो". ते सांगायला मला कुणी माणूस सापडत नव्हता. नोकरी सोडावी असं सकाळी वाटायचं आणि सोडली तर पळून गेल्यासारखं होईल असं दुपारी.

पंधरा दिवसांनी धनपालअण्णा घाटावर आले. नातवाला बघायला निघाले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. काकींनी विचारलं होतं, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तिनं इचारलं हुतं?"

"व्हय, अण्णा."

"इचारणारच. तिला समदं इचारायची सवय." एवढं बोलून ते काहिलीत जाऊन बसले. आत आणखी चौघं होती. "आता मी इचारतोय. सांग."

माणसं चुळबुळली. एकजण उठायला लागला, तर धनपालअण्णांनी नुसता हात वर केला. मी सांगायला लागलो. बुडणं, पडणं, वाहून जाणं, सगळे शब्द उच्चारले. उताणं पडायचं, पाय पुढं, बोटं वर, पाय टेकला तरी उभं राहायचं नाही. भरमूअण्णानं काठी काठावर रोवून धरली होती आणि माझं बोलणं होईपर्यंत त्यानं काहील सोडली नाही.

"आणि पाय अडकला तर?" धनपालअण्णांनी विचारलं. "एकदा अडकल्यावर काय करायचं?"

मी सुभेदारांचे तिन्ही दिवस आठवून पाहिले. ते त्यांनी शिकवलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं.

"म्हाईत न्हाय, अण्णा."

त्यांनी मान हलवली. धोतराचा सोगा आवरून घेतला आणि माझ्या हातातलं जाकीट मागून घेतलं.

"मग म्हाईत न्हाय ह्येबी सांगत जा," ते म्हणाले, आणि त्याचे बंद बांधू लागले. ते त्यांना जमेनात. मी पुढं वाकून बांधून दिले.