सिस्टरची सुट्टी

"अगं बाई! मला कुणी बांधून ठेवलंय का?"

सकाळी साडेपाचला तिसऱ्या खाटेवरून आरोळी आली आणि स्वस्तातल्या त्या लॉजची बायकांची खोली खडबडून जागी झाली. ओरडत होती पाठीवर बोचकं टाकून गावोगाव हिंडणारी एक दांडगी मुलगी. तिची चादर गादीखाली अशी घट्ट खोचली होती की हातपाय झाडूनही तिला सुटता येईना. बाकी चौघींचीही तीच गत.

सहाव्या, आपल्याच खाटेशी सिस्टर चोरासारख्या उभ्या होत्या. इस्पितळात चौतीस वर्षं काढून त्या गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या. पहाटे डोळा उघडला, समोर ओळीनं खाटा दिसल्या आणि हात आपोआप चालू लागले. पाचवी चादर खोचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण वॉर्डात नाही, समुद्रावर आलोय.

"माफ करा गं पोरींनो," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर घरी राहिला, हे तुमचं नशीब."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. गलका ऐकून लॉजवाल्या बाई धावत आल्या आणि चादरी बघून तिथंच थबकल्या.

"सिस्टर, वरची समुद्राकडची खोली रिकामी आहे. चार दिवस फुकट राहा. फक्त रोज सकाळी सगळ्या खाटा अशा लावून द्या. तुमच्या डाव्या हाताचा मळ!"

चांगलं उजाडल्यावर सिस्टर वर जाऊन खोली पाहून आल्या. खिडकीत समुद्रच समुद्र. खाली होड्या, दुकानांच्या उघडणाऱ्या फळ्या, माणसांची झुंबड. वॉर्डाच्या खिडकीतून त्यांना जन्मभर समोरची भिंत दिसली होती. जीव अगदी त्या खिडकीत अडकला. पण निघताना लेकीनं बजावलं होतं, "आई, चार दिवस कुणाचं काही करायचं नाहीस." आयुष्यात एकदा तरी तेवढं जमतंय का, हेच तर त्यांना पाहायचं होतं.

"खोली झकास आहे हो," खाली येऊन त्या म्हणाल्या. "पण मी सुट्टीवर आहे."

मोठ्या डॉक्टरांना उलट उत्तर दिल्यासारखं त्यांना वाटलं. लॉजवाल्या बाई खट्टू झाल्या. दांडग्या मुलीनं मात्र टाळी वाजवली आणि सिस्टरना हाताला धरून थेट पाण्यात नेलं. पहिल्याच लाटेनं त्यांना आडवं केलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं, चप्पल वाहून गेली, आणि सिस्टर खिदळत ओरडल्या, "अजून एक येऊ दे!"

दमून त्या वाळूत पडल्या. दांडगी मुलगी शेजारीच बसली. वारा गार होता. डोळा लागतोय तोच कुणीतरी हळूच अंगावर कोरडा टॉवेल पसरला आणि पायाशी नीट सारखा केला.

असं पांघरूण त्यांच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. त्यांना जाग होती. पण त्यांनी डोळे घट्ट मिटूनच ठेवले. ती दांडगी मुलगी उठून जाऊ नये म्हणून.