मुकादमाची बदली

सुनेला दिवस गेले आहेत हे कळल्यावर सासूबाईंनी सर्वांत आधी मांजराकडे पाहिलं. मांजर त्या वेळी ओट्याशेजारच्या फ्रिजवर बसून त्यांच्या मुलाला भांडी घासताना पाहत होतं. दुसऱ्यांनी काम करायचं आणि आपण उंचावरून लक्ष ठेवायचं, या एकाच गुणावर घरात त्याला ‘मुकादम’ म्हणत.

“याचं काहीतरी करा,” सासूबाई म्हणाल्या. “पोटातल्या बाळाला बाधतं म्हणे.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी,” सून म्हणाली. “हा बाहेर जात नाही, कोरडं खाणं खातो, त्यामुळे फारशी भीती नाही. फक्त त्याच्या वाळूचा ट्रे मी साफ करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी रोज करायचा. आणि मातीत काम करताना हातमोजे घालायचे.”

ती एका नर्सरीत रोपं लावायची. त्यामुळे डॉक्टरीणबाई मांजरावर थोडं आणि मातीवर बरंच बोलल्या होत्या. घरात मात्र त्यातलं ‘मांजर’ तेवढं पोचलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती बहिणीकडे जाऊन आली, तर फ्रिज रिकामा दिसला.

“चांगल्या ठिकाणी दिलाय,” नवरा म्हणाला.

“कोणाकडे?”

“ओळखीचे आहेत.”

“कोणाच्या ओळखीचे?”

“तू आधी पाय वर करून बस बरं.”

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. काट्यात चिमूटभर फरक पडला तर ज्याला जेवण जात नाही, तो माणूस मांजराच्या पत्त्याबद्दल इतकं मोघम बोलतो, इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. याने मुकादमाला हमरस्त्यावर सोडलं असणार. नाहीतर सासूबाईंनी सोडायला लावलं असणार. ती रोज आडून आडून विचारू लागली, आणि ती दोघं रोज तिच्या तब्येतीची चौकशी करू लागली.

नर्सरीतही काहीतरी शिजत होतं. तिथले मालक, ज्यांना सगळे ‘काका’ म्हणत, एकाएकी तिची फार काळजी घेऊ लागले. “तू मागे गोदामात येऊ नकोस हं. धूळ असते. माती तुला पुढे आणून देतील.” मातीची घमेली गोदामवाला गाडीवरून पुढे आणायचा, ती रोपं लावायची. ज्यांनी कामगाराला कधी स्वतःहून चहा विचारला नव्हता, ते काका रोज दुपारी एक वाटी झाकून गोदामात नेऊ लागले.

“काय आहे हो काका?”

“दूध.”

“कोणाला?”

“झाडाला. नवा प्रयोग आहे.”

पोती कुरतडणाऱ्या उंदरांच्या नावाने काका रोज शंख करायचे, तोही बंद झाला. आणि मातीला वास येऊ लागला.

“खताचा आहे,” गोदामवाला म्हणाला.

“खताचा वास मला कळतो.”

“ताई, या दिवसांत नाक तिखट होतं. माझ्या बायकोला तर भिंतीचासुद्धा वास यायचा.”

तिला जो जो संशय येई, तो तिच्या गरोदरपणाच्या खात्यावर जमा होई.

एका संध्याकाळी नवरा काकांचा काटा दुरुस्त करून घरी आला. त्याच्या बाहीवर एक केस होता. पिवळट, आखूड. तिने तो दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेला.

“मुकादमाचा आहे.”

“जुना असेल. कपड्यांना चिकटून राहतात.”

“शर्ट जुना केस ठेवून धुतला होता का?”

“म्हणजे काय?” सासूबाई आतून बाहेर आल्या. “मी स्वतः धुतलाय काल. घासून. माझ्या हातच्या शर्टावर केस राहतो?”

नवऱ्याने आईकडे असं पाहिलं, की सुनेला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ गोदामात गेली. मातीच्या ढिगावर मुकादम खड्डा उकरून बसला होता. त्याने उरकलं, चारी बाजूंनी नीट माती ओढली आणि उशिरा आलेल्या मजुराकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

“तुझ्या मिस्टरांनीच दिला,” मागून काका म्हणाले. “घरात नको, बाळाला धोका आहे, म्हणाले. मागेच ठेवा, तिच्या नजरेला पडू देऊ नका.”

“आणि ही माती?”

“माती पुढे जाते ना. मांजर तर मागेच असतं.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हातमोजे होते. फक्त अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची टोकं तिने स्वतःच कात्रीने उडवली होती, कारण कोवळं मूळ रबरातून जाणवत नाही. उघड्या नखांत माती होती.

डॉक्टरीणबाईंपुढे तिघं ओळीने बसली.

“घरी असताना तो उंदीर खायचा?”

“उंदराला घाबरायचा,” नवरा म्हणाला.

“आणि आता?”

“काका म्हणतात, एकही शिल्लक नाही.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे ज्याच्यापासून भीती नव्हती, त्याला तुम्ही उंदीर खायला पाठवलंत. उंदरातले जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. आणि तो जिथे घाण करतो, त्याच मातीत ही हात घालत होती. ही कल्पना कोणाची?”

नवऱ्याने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे पाहिलं.

“हातमोजे तरी होते ना?”

आता सुनेने पंख्याकडे पाहिलं.

रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही, पण एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, असं ठरलं. ते आठवडे घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. ती भाजी तीनतीनदा धुवायची, रात्री नखं कापायची आणि कापायला काही उरलेलं नसलं तरी पुन्हा पाहायची. इतके दिवस सगळ्यांवर घेतलेला संशय आता तिच्याच दोन बोटांवर येऊन बसला होता.

दुसऱ्या तपासणीतही लागण निघाली नाही. नवरा दवाखान्याच्या पायरीवरच बसला आणि बराच वेळ उठला नाही.

काकांनी ढीग टाकून दिला, नवी माती ताडपत्रीखाली गेली. मुकादमाची बदली बाळंतपण होईपर्यंत नवऱ्याच्या दुकानात झाली. कामावरून येताना ती काचेबाहेर थांबते. मुकादम मोठ्या काट्याच्या पारड्यात बसलेला असतो, आणि समोर नवरा, कोपरापर्यंत हातमोजे चढवून, रोजचा ट्रे साफ करत असतो.

घरी दारातच सासूबाई हात पुढे करतात. सून पिशवीतून धुतलेले हातमोजे काढून देते. सासूबाई एकेक बोट ओढून पाहतात, उजेडात धरतात, फुंकर मारून फुगवतात.

“आई, विश्वास नाही का माझ्यावर?”

“आहे ना,” सासूबाई म्हणतात. “कात्री मी कुलपात ठेवलीये.”