वगळायची नावे

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या इमारतीत सकाळ पूर्वेकडच्या काचेतून सावकाश उतरत असे. आधी छताच्या कडेला एक फिकट रेघ उमटे. मग ती भिंतीवरून ओघळत रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवर येई, कुणाच्या तरी विसरलेल्या स्वेटरवर रेंगाळे आणि शेवटी स्टीलच्या पेल्यातल्या कॉफीच्या फेसावर स्थिरावे. त्या उजेडासाठीच सेळियन लवकर येत असे. आज मात्र तो त्याला अंगावर नकोसा वाटत होता. रात्री मोबाइलवर आलेली तक्रार त्याने वाचली होती आणि मोबाइल उलटा करून ठेवला होता.

"काय नवरदेव, टाळ्या अजून कानात वाजतायत वाटतं?" त्याचा वरिष्ठ अरवाळी हसत म्हणाला. "आधी यादी काढायला लावून आम्ही जेवून यायचो. आता घोट गिळायच्या आत तयार!"

दुकानदारांच्या लाखो गिऱ्हाइकांतून नेमकी माणसे निवडून त्यांना संदेश धाडणारी प्रणाली त्यांची कंपनी चालवत असे. संदेश निघताना प्रत्येक नावाबद्दल 'हे वगळायचे का?' असे विचारले जाई. त्यात वेळ जाई. सेळियनने ती पायरी काढली आणि त्यासाठी ऑफिसात त्याला टाळ्या मिळाल्या. वगळायची नावे आता आदल्या रात्रीच काढून ठेवली जात.

ग्राहकांचे फोन घेणारी तेन्मोळी आली. तिने फोन तळहाताने झाकला होता.

"सेळिया, मदुरैचे बांगड्यावाले आहेत. काल दुपारी एका बाईला संदेश गेला, 'सातवा महिना लागला, डोहाळजेवणाच्या, वळैकाप्पूच्या बांगड्या भरायला या.' तिचं बाळ परवा पोटातच गेलं रे."

त्याने कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"नवऱ्याने काल दुकान उघडताच सांगितलं होतं, नाव काढा म्हणून. काउंटरवरची पोरगी म्हणते, मी लगेच काढलं. मालक म्हणतो, खोटारडी आहे, आजच घरी बसवतो. तू बघून सांग, काढलं होतं की नाही?"

पडद्यावर नोंद स्वच्छ दिसत होती. संदेश निघण्याच्या कितीतरी आधी पोरीने नाव काढले होते, पण वगळायच्या नावांची यादी आदल्या रात्रीच बंद झाली होती.

अरवाळीने आवाज खाली आणला. "माहिती उशिरा पोचली म्हण. सगळ्यांकडेच पोचते. त्यात काय कळतंय कुणाला?"

"तुम्हाला नाहीच कळणार, अण्णा," तेन्मोळी म्हणाली. "तुम्हाला कुठे कधी सातवा महिना लागला?"

असे होईल हे कोणाच्याही ध्यानात आले नसते, हे एकच वाक्य सेळियनने रात्रभर इतके घासले होते की पहाटेपर्यंत ते खरे वाटू लागले होते. आता ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"फोन दे, अक्का."

पलीकडे मालक कुणावर तरी ओरडत होता. त्या ओरडण्याआड एक बारीक आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "देवाशपथ काढलं होतं, ऐया."

"ऐया, ती खरं बोलतेय," सेळियन म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "तिने नाव वेळेवर काढलं होतं. आमच्याकडे चाचणीतही वगळलेल्या एका नावाला असाच संदेश गेला होता. मी ते पाहिलं होतं. आणि ती चाचणीच बंद केली."