दोन बोटं जास्त

"हात खाली येतोय," दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

"नाही येत!" गुंडी म्हणाली. पण दात एकमेकांवर इतके दाबलेले होते, की शब्द अर्धेच बाहेर आले.

बाईंची रीत ठरलेली होती. खेळणाऱ्याने बेसबॉलची बॅट मुठीच्या अगदी टोकाशी एका हाताने धरायची, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करायचा, आणि बाई काउंटरवरचा एक चेंडू सावकाश पुसून ठेवीपर्यंत तसंच उभं राहायचं. हात झुकला नाही तर बॅट तुमची, झुकला तर तिच्याहून लहान. या परीक्षेत मुलांपेक्षा त्यांचे बापच जास्त वेळा नापास होतात, असा बाईंचा अनुभव होता. आज बापाच्या जागी आजोबा होते, एवढाच काय तो फरक.

चेंडू एकदाचा खाली ठेवला गेला. गुंडीने श्वास सोडला आणि बॅट जमिनीवर टेकवली. टेकवली म्हणण्यापेक्षा ती आपणहून टेकली.

"बघा, धरली की नाही?" आजोबा म्हणाले.

"धरली कसली, लोंबकळत होती बॅटीला! मास्तर, ही लांब आहे तिला. जडही आहे. शेजारची घ्या. चेंडू काय हिचा हात फिरेपर्यंत वाटेत थांबणार आहे?"

"पोर वाढतंय हो बाई. पुढच्या वर्षी बरोब्बर होईल."

"बॅट आहे ही, मास्तर, पँट नव्हे. खालून दुमडून कशी देऊ?"

"मला हीच हवी, काकू," गुंडी मध्येच म्हणाली. "हलकी आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि बॅट कागदात गुंडाळली. गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी खोटं बोलत असेल तर दुकानदाराने मध्ये पडू नये, हे त्या फार पूर्वी शिकल्या होत्या.

मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे मास्तर. बाजारात त्यांचं नाव 'दोनबोटे' पडलं होतं, कारण त्यांच्या हातचा प्रत्येक कपडा मापापेक्षा दोन बोटं मोठा असे. कोट नवाकोरा असला की माणूस थोरल्या भावाचा कोट घालून आल्यासारखा दिसायचा. काही वर्षांनी तोच कोट अंगाला चोपून बसायचा, आणि मग हाच माणूस सगळ्यांना सांगत सुटायचा, की असा शिंपी होणे नाही. मास्तरांची कीर्ती अशी नेहमी जरा उशिरा यायची.

सगळ्यात जास्त भोगलं ते नातीने. गुंडीला कपडा नीट बसायला लागे तेव्हा त्याचा रंग उडालेला असे. पण हल्ली मास्तर दोन बोटांवरही थांबत नव्हते. छातीच्या दुखण्यावरून डॉक्टरांनी काम निम्म्यावर आणायला सांगितलं, तेव्हापासून उरलेल्या वेळात ते गुंडीचेच कपडे बेतत होते. ती अजून जेवढी झाली नव्हती तेवढ्या मापाचे. शिवून झाले की मशीनमागच्या ट्रंकेत जात.

"बाबा, ही कॉलर तर माझ्या गळ्याला होईल," गुंडीची आई, म्हणजे मास्तरांची लेक, एकदा म्हणाली होती.

"होऊ दे की. तिला होईल तेव्हा मी काय टेप घेऊन येणार आहे होय?"

लेक उठून मोरीत गेली. तिथे भांडी बराच वेळ आपटत राहिली. गुंडी तेव्हा खिडकीशी बसून सुया ओवत होती. मास्तरांच्या हाताला आता कंप होता, दोरा सुईच्या नेढ्याला हुलकावणी द्यायचा. म्हणून शाळेत जाण्याआधी दिवसभराच्या सुया ओवून मशीनवरच्या छोट्या उशीवर टोचून ठेवणं, हे गुंडीचं काम होतं.

रविवारी संघाची निवड होती. निवडलेल्या मुली आठवडाभर परगावी स्पर्धेला जाणार, आणि बॅट ज्याची त्याने आणायची. सरावाच्या सामाईक बॅटीने गुंडी चेंडू कुंपणापलीकडे धाडायची. तिची निवड जवळजवळ झाल्यातच जमा होती. ती मोडीत निघायला लागली नव्या बॅटीमुळे.

शनिवारी मास्तर मैदानाच्या कडेला सदऱ्याला बटणं लावत बसले होते.

"गुंडे, चेंडू घरी जाऊन जेवलासुद्धा! तुझी बॅट अजून रस्त्यातच," कोच ओरडले. मुली फिदीफिदी हसल्या.

पुढचाही चेंडू गेला. त्याच्या पुढचाही. "उद्या असंच करणार असशील तर मला दुसरी बघावी लागेल हं," कोच या वेळी न ओरडता म्हणाले, आणि मास्तरांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. गुंडीने बॅट मुठीच्या टोकाशी धरलेली नव्हती, वर सरकवून धरली होती. तिच्या हाताखाली मुठीचा एक तुकडा रिकामाच राहिला होता. त्याचं माप घ्यायला मास्तरांना टेप लागली नाही. दोन बोटं.

त्यांनी सुई सदऱ्यातच टोचून ठेवली.

माप देताना पोट आत ओढणारी माणसं मास्तरांनी जन्मभर पाहिली होती. अशा माणसाला ते कधी टोकत नसत. मुलाची परीक्षा, सासूची तब्येत असं काहीबाही विचारत राहत. तो बोलण्याच्या नादात श्वास सोडी, आणि टेप तेवढ्यात आपलं काम उरकून घेई.

"तुझी ती मैत्रीण, दात पडलेली, ती कुठे असते गं हल्ली?" घरी येताना त्यांनी विचारलं.

"ती ना? तिचा दात आला पण वाकडाच आला, आणि ती म्हणते, मी आता हसणारच नाही..."

"अरेच्चा! बरं, ही जरा धर, बुटाची नाडी सुटली." त्यांनी खांद्यावरची बॅट तिच्या एका हातात दिली.

बोलता बोलता गुंडीचा हात सरळ खाली गेला. बॅट रस्त्यावर खणकन वाजली. नाडी सुटलेली नव्हती.

"जड आहे ना?"

"नाही."

"गुंडे."

"थोडीशी."

"मग दुकानात का नाही बोललीस?"

गुंडी बॅटीच्या टोकावरची धूळ बोटाने पुसत राहिली. "तुम्हीच म्हणता ना... पुढची घ्यायला मी काय..." पुढचं तिने गिळून टाकलं.

मास्तर मागे वळून चालू लागले.

"आजोबा, घर इकडे आहे."

"दुकान तिकडे आहे."

बाईंनी बॅट उलटसुलट करून पाहिली. "खरचटलीय. वापरलेली मी परत घेत नाही, मास्तर. सख्ख्या भावाकडूनसुद्धा नाही."

"परत कोण देतंय? ही राहील घरी. ती शेजारची काढा."

गुंडीने ती बाजूला धरली. बाईंनी एक चेंडू पुसला. मग उगाचच दुसरा घेतला, तोही पुसला. हात जागचा हलला नाही.

"बसते," मास्तर म्हणाले. "अगदी अंगाबरोबर."

बाई बघतच राहिल्या. त्यांच्या नवऱ्याचा कोट याच माणसाने शिवलेला होता. "पुढच्या वर्षी लहान होईल हं. नंतर माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

"होऊ दे लहान," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षीचं माप पुढच्या वर्षी."

रविवारी चेंडू कुंपणापलीकडे गेला, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने गुंडी.

मास्तर सकाळी मशीनपाशी आले. लांब बॅट त्यांनी ट्रंकेत, मोठाल्या कपड्यांवर तिरकी ठेवली. मग एका पँटची तळपट्टी हाताने शिवायला घेतली आणि सवयीने उशीकडे हात नेला.

उशी साळिंदरासारखी दिसत होती. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुया तिने ओवून ठेवल्या होत्या. काळा, पांढरा, खाकी. गुंडी परत येईपर्यंत पुरतील आणि वर उरतील इतक्या. आणि प्रत्येक दोरा हातभर लांब, एकदा ओवलेला संपूच नये असा.

एवढा लांब दोरा गुंतणारच. कामाला ठेवलेल्या कुणी असा ओवला असता तर मास्तरांनी त्याचा उद्धार केला असता. पहिल्याच टाक्यांत गाठ पडली.

त्यांनी कात्री उचलली. मग ती पुन्हा जागेवर ठेवली, पँट घेऊन खिडकीच्या उजेडात सरकले आणि थरथरत्या नखाने गाठ सोडवत बसले.