डावा हात

"प्रश्न विचारताना जरा अडखळायचं," तान बाईंनी सहावीच्या मुलांना बजावलं. "पाठ केल्यासारखं वाटलं तर याद राखा."

प्रश्न पाठच होते. उपमुख्याध्यापक लियाओ सहा महिने इंग्लंडात राहून चीनमध्ये, चांगशाला परतले, तेव्हापासून फळ्यापाशी उभं राहून शिकवणारा माणूस दिसला की त्यांना मळमळायचं. मुलांनी म्हणे स्वतःच शोधून काढायचं. कुणी काय शोधायचं ते मात्र त्यांनीच एका कागदावर लिहून दिलं होतं. आज तिकडचे दोन पाहुणे वर्ग बघायला येणार होते आणि तान बाईंची वरिष्ठ श्रेणी याच पाठावर अडली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एकतीस वर्षं घसा फोडून शिकवलं, आणि आता ही नाटकं.

एक युक्ती तेवढी बाईंची स्वतःची. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. सगळा वर्ग हुशार दिसतो, आणि उठवायचं फक्त उजव्यांना. प्रत्येक तपासणीला बाई हेच करत आल्या होत्या.

अपूर्णांकांचा पाठ सुरू झाला. गळ्यात शाळेचा लाल रुमाल बांधलेली मुलं छान अडखळली. पाहुणीबाई खूश झाली आणि खिडकीजवळच्या फान रुईकडे बोट करून दुभाष्यातर्फे म्हणाली, "हिला विचारू या ना!"

रुईचा डावा हात वर होता. ती उभी राहिली.

"बाई, एकाला एक चतुर्थांशाने भागलं की चार येतात. भागल्यावर आकडा मोठा कसा होतो?"

हा प्रश्न कागदावर नव्हता.

"गटात चर्चा करा म्हणा," लियाओ मागच्या भिंतीजवळून कुजबुजले. "चर्चा!"

काय डोंबल चर्चा? ज्यांना येत नाही अशी चार डोकी एकत्र बसवली की उत्तर टपकतं, असं या माणसाला वाटतं तरी कसं? बाईंनी लियाओंचाच कागद उचलला, दोनदा दुमडला आणि घड्यांवर फाडला.

"आधी एक कागद होता. त्यात असे तुकडे किती?"

"चार."

"मग कागद मोठा झाला का?"

रुईने तुकड्यांकडे बघितलं. "नाही... आपण तुकडे मोजले."

"फळ्याकडे बघा सगळे."

बाई पुढची बारा मिनिटं एकट्याच बोलल्या. पाहुणीने वहीत एक ओळ लिहून पेनाला टोपण लावलं.

घंटा झाल्यावर लियाओंनी बाईंना दारात गाठलं. "झालं समाधान? श्रेणी गेली तुमची. एक 'चर्चा' म्हणायला काय झालं होतं?"

"ती तुम्ही करा," बाई म्हणाल्या. "गटात बसून."

त्या वर्गात परतल्या. "पाहुणे गेले. आता खरं सांगा. कळलं त्याने उजवा."

रुईचा उजवा हात वर गेला. बाईंनी आज पहिल्यांदाच डावे मोजले. बेचाळीस मुलांत एकोणीस. आणि ते दर वेळी असेच, त्यांच्या डोळ्यांसमोर वर होते. बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी खडू उचलला.

"डावे हातवाले," त्या म्हणाल्या, "पुढच्या बाकांवर या."