डिंक मीच लावला

कुंदननं काकाच्या डोक्यात घण घातला तेव्हा मी अमरावतीत बी.ए.च्या पोरांना शिकवत होते की किशोरवयातला राग हा वाढीचाच एक भाग असतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला सोमवार. फोन मूर्तिजापूरच्या त्याच्या मास्तरांचा होता. "मॅडम, तुमच्या अभ्यासातला पोट्टा, कुंदन. काकाले मारलं त्यानं. वेल्डिंगच्या दुकानातच. सहा घाव." मी विचारलं, काका वाचला का? मास्तर म्हणाले, "डोस्कंच नाई राह्यलं तर वाचते कुठून?" मी फळा पुसला आणि वर्ग सोडून दिला.

मी डॉ. भावना तायडे. वीस वर्षं वयात येणाऱ्या पोरांचा अभ्यास करते आणि माझं स्वतःचं डोकं मात्र कधी थंड नसतं. कॉलेजात मला मागून 'फटाका' म्हणतात, मला माहीत आहे. त्याचं मूळ सांगते. चौदा वर्षांची असताना मी वहीत एका पोराचं नाव लिहिलं होतं. माझा बाप बुधाजी रेल्वेत होता. त्यानं वही वाचली, मला झिंज्या धरून अंगणात आणलं आणि सगळ्या गल्लीसमोर पट्ट्यानं फोडलं. पट्टा तुटला तर बकलानं मारलं. त्या दिवशी मी ठरवलं, मेले तरी कुणा लेकराचा कागद त्याला न विचारता वाचणार नाही. पुढे शिकले, पीएच.डी. केली, पण खरं शिक्षण तेवढंच.

अकोला आणि अमरावती जिल्ह्यातली बासष्ट पोरं मी पाचवीपासून धरली होती. दर जूनला त्यांच्या शाळेत जायचं, उंची-वजन घ्यायचं, प्रश्न विचारायचे, वर्षभरात काय बदललं ते लिहायचं. गेल्या जूनमध्ये पोरं सोळा-सतरा वर्षांची झाली तेव्हा मी एक नवं काम दिलं. कुणालाच सांगितलं नाही असं काहीतरी लिहा, पाकिटात घाला, वर सही करा. मी उघडणार नाही. अठराव्या वाढदिवसाला जसंच्या तसं तुमच्या हातात देईन, मग मला वाचून दाखवा नाहीतर फाडून टाका. माझ्या या पद्धतीचं परिसंवादात कौतुक झालं होतं. मीही फुशारले होते.

कुंदन सतराचा. कायदा असा की सोळा-अठराच्या पोरानं खून केला तर बाल न्याय मंडळ आधी बघतं, त्याला परिणाम समजत होते का. समजत होते असं ठरलं तर खटला मोठ्या माणसासारखा चालतो, म्हणजे वाट जन्मठेपेची. नाही ठरलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. मंडळानं माझं मत मागवलं, कारण सात वर्षं मी त्याला ओळखत होते. ओळखत होते म्हणे!

अकोल्याच्या निरीक्षणगृहाच्या फाटकाशी त्याची आई पार्बताबाई बसली होती. तिचा नवरा मेल्यापासून घर दीर चालवायचा, कुलदीप, म्हणजे मारला गेलेला काका. सारं मूर्तिजापूर त्याला देवमाणूस म्हणत होतं, विधवा भावजयीला सांभाळलं म्हणून. पार्बताबाईनं माझे पाय धरले. "मॅडम, पोराले वाचवा. तो वाईट नाई." मी विचारलं, त्यानं काकाला कशापायी मारलं? तिनं पदर कानावर ओढला. "मले काई नाई मालूम," म्हणाली. मला तिचा रागच आला, आणि मी तो लपवलाही नाही.

आत कुंदन बाकावर बसला होता. मिसरूड फुटलेलं, हाताची नखं कुरतडून रक्ताळलेली. मी समोर बसले. शिकलेलं सगळं वापरलं, हळू आवाज, सोपे प्रश्न, मध्ये गप्प राहणं. अर्धा तास पोरगा भिंतीकडे बघत होता. मग मला वाटलं, याचा विश्वास कमवावा. मी म्हणाले, "कुंदन, तुझं पाकीट माझ्या कपाटात आहे. पोलीस आले तरी मी दिलं नसतं. अजून कुणी उघडलेलं नाही, मीसुद्धा नाही."

त्यानं मान वळवली. "नाई उघडलं?"

"नाही. शब्द म्हणजे शब्द."

पोरगा उठला कधी ते मला दिसलंच नाही. त्याचं कपाळ माझ्या नाकावर आदळलं आणि आतलं हाड मोडल्याचा आवाज मी कानानं ऐकला. खुर्चीसकट मी उलटी पडले. तो छातीवर बसला आणि दोन्ही मुठींनी तोंडावर, गळ्यावर, जिथं लागेल तिथं हाणायला लागला. दात पडला. रक्त घशात उतरलं. आणि मारताना तो ओरडत होता, "काहून नाई उघडलं? काहून? माय मोबाईल पाह्यते, काका दप्तर पाह्यते, मास्तर वही पाह्यते, सारेच उघडून पाह्यतेत! तुमीच एक शहाण्या! मी तं चिकटवलंबी नव्हतं! तुमीच डिंक लावला!"

पहारेकरी धावत आला. त्यानं कुंदनला केसांना धरून उचललं आणि काठीनं बडवायला लागला. पोटात लाथ, पाठीवर काठी. शर्ट फाटला. मी जमिनीवरून पाहिलं, पोराच्या पाठीवर काठीच्या वळांखाली दुसरेच डाग होते, गोल, काळे, एका रांगेत. मी पहारेकऱ्याच्या पायाला चावले. खरंच चावले. "सोड त्याला, हरामखोरा!" त्यानं सोडलं, पण माझ्याकडे असं बघितलं की दोघांत वेडं कोण तेच त्याला कळेना.

दवाखान्यात नाक बांधून घेताना मला जून महिना आठवला. शाळेची प्रयोगशाळा. माझ्या मदतनिसानं छातीचा घेर मोजायला शर्ट काढ म्हटलं तर कुंदननं काढला नाही. मी रकान्यात लिहिलं होतं, 'वयाप्रमाणे लाजाळू'. मग त्यानं पाकीट आणून दिलं, झाकण नुसतं दुमडलेलं. मी म्हणाले, "अबे, बावळटा, असं उघडं ठेवतात का?" डिंकाची बाटली उघडली, बोटानं लावला, तळहातानं दाबला. तो टेबलाजवळ उभाच राहिला होता. मी म्हणाले, "जा आता, दुसऱ्याला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरावतीला घरी आले आणि ते पाकीट फाडलं. बैल गेला नि झोपा केला. एकच पान होतं.

"मॅडम, तुमी हे वाचतच असान. काका मले तापल्या वेल्डिंग रॉडनं चटके देते. अकरा झाले. मायले झोडपते, तिच्या कानातून रक्त येते. ती सांगत नाई अन् मले सांगू देत नाई. तुमी मोठ्या हा, पोलीस तुमचं आयकतीन. दिवाळीपर्यंत वाट पाह्यतो. नाई आल्या तर मी त्याले घनानं मारीन. तो मरन, मले जेल होईन, मले समजते. पन तुमी याच."

मी रडले नाही. उशी घेतली आणि भिंतीवर आपटत राहिले, कापूस निघेपर्यंत. शेजारच्या वहिनी दार वाजवून गेल्या. आता माझ्या हातात असा कागद होता की त्याची सुरुवात पोराला वाचवणारी आणि शेवट बुडवणारा. मंडळाला दाखवला नाही, तर त्याचं दुःख कुणाला कळणार नाही. दाखवला, तर 'मले समजते' हे त्याच्याच अक्षरात होतं. फाडून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण कागद त्याचा होता, म्हणून सुनावणीच्या आधी मी त्यालाच विचारलं.

मंडळाच्या ओसरीत पोलिसानं त्याला आणलं. माझं सुजलेलं तोंड पाहून त्यानं मान खाली घातली. मी म्हणाले, "वाचलं मी. हा कागद दिला तर तुझंच नुकसान होईल, कुंदन. फाडू का?"

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा. सारे त्याले देवमाणूस म्हनून राह्यले. मायनं बी आयकू द्या."

मी वाचलं. नाक बांधलेलं, आवाज फाटका, पण एकही शब्द गाळला नाही. पार्बताबाईनं पदर कानावरून काढला आणि भर मंडळात ओक्साबोक्शी रडली, "खरं हाय जी, सारं खरं हाय!" मला वाटलं, जिंकलो.

सरकारी वकील उठले. "डॉक्टर, सतरा वर्षांच्या या मुलाला परिणाम समजत होते का? हो की नाही?"

"हो, पण..."

"आणि मध्ये चार-पाच महिने गेले. म्हणजे रागाच्या भरात नाही. तुमच्यावरही त्यानं हल्ला केला. एवढं पुरे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढं कसं पुरे? ते चार-पाच महिने तो माझी वाट बघत होता! त्याला सगळं समजत होतं, समजलं नाही ते मला! पाकीट उघडं होतं आणि मी ते बंद केलं! मला घाला तुरुंगात!" मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला बसायला सांगितलं. चांगला माणूस होता, चष्मा काढून डोळे पुसले त्यानं. पण निकाल लिहिला तो असा की मुलाला परिणामांची पूर्ण समज होती, खटला प्रौढाप्रमाणे चालवावा. पुरावा म्हणून मी वाचलेलाच कागद जोडला.

बाहेर व्हॅन उभी होती. मी पोलिसांना ढकलून कुंदनच्या पुढ्यात गेले. हात जोडले. वकील करते, वरच्या कोर्टात जाते, असं काय काय बरळत होते. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्यांचे पाकीट कुठी हायेत?"

"कपाटात."

"बंद?"

मी मान हलवली.

"माह्यं झालं ते झालं, मॅडम. तुमी घरी जा अन् ते एकसष्ट फाडून वाचा. कोनी ना कोनी वाट पाहून राह्यलं असन."

पोलिसानं त्याला आत ढकललं आणि दार लावलं. मी तिथून एसटी स्टँडपर्यंत धावत गेले.